वेब्लीची स्वयंभरी पिस्तुले : संग्रह, परवाना आणि रिसोडकडील कागद

लहान बंदुकांची नावे आपल्या मराठी लेखनात फार सैलपणे वापरली जातात. ‘तमंचा’, ‘पिस्तूल’ आणि ‘रिव्हॉल्व्हर’ हे तीन शब्द आठवणींच्या पुस्तकांत, वृत्तपत्रांत, इतकेच नव्हे तर पंचनाम्यांतही एकमेकांच्या जागी खुशाल येतात. ललित लेखनात यामुळे फारसे बिघडत नाही. इतिहासलेखकाला मात्र हा सैलपणा परवडत नाही, कारण शस्त्राची जात निश्चित झाल्यावाचून ते कोठे बनले, कोणत्या मार्गाने आले आणि कोणाच्या हाती होते या प्रश्नांना हात घालता येत नाही. प्रस्तुत टिपणात ब्रिटिश बनावटीच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलांचा, त्यांच्या संग्रहाचा आणि वऱ्हाडच्या दक्षिण टोकाच्या रिसोडसारख्या तालुक्यात अशा शस्त्राचा माग काढण्याच्या साधनांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करणे योग्य होईल. रिव्हॉल्व्हरमध्ये पाचसहा घरांचे फिरते चक्र असते, आणि प्रत्येक बाराबरोबर ते एक घर पुढे सरकते. ज्या पिस्तुलांचा येथे विचार आहे त्यांत काडतुसे मुठीच्या पोकळीतील पेटीत एकावर एक रचलेली असतात. बार उडाला की त्याच्याच धक्क्याने वरचा भाग मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते, आणि कमानीच्या जोराने तो भाग पुढे येताना नवे काडतूस नळीत सारले जाते. चाप मात्र दर वेळी नव्याने ओढावा लागतो, म्हणून याला अर्धस्वयंचलित म्हणावयाचे. ब्रिटिश लष्करी दप्तराने या शस्त्राला ‘सेल्फ-लोडिंग’ असे नाव दिले, आणि बाजाराने ‘ऑटोमॅटिक’ हे नाव रूढ केले. दप्तराचा शब्द अधिक अचूक असल्यामुळे येथे ‘स्वयंभरी’ हा पर्याय योजला आहे.

या शस्त्राचा ब्रिटिश इतिहास म्हणजे बहुतांशी बर्मिंगहॅमच्या एकाच कारखान्याचा इतिहास होय. वेब्ली, स्कॉट आणि एलिस या तीन जुन्या पेढ्या १८९७ मध्ये एकत्र येऊन ‘वेब्ली अँड स्कॉट’ ही कंपनी झाली. त्या वेळी ब्रिटिश सैन्याचे रिव्हॉल्व्हर वेब्लीचेच होते, आणि ते उत्तम होते. नव्या यंत्रणेची गरज इंग्लंडला उशिरा वाटली, याचे एक कारण हे जुन्या शस्त्राचे यशच असावे. जर्मनीत माउझर आणि बेल्जमच्या हेर्स्टाल येथील कारखान्यात ब्राउनिंगची पिस्तुले हजारांनी तयार होत असता इंग्लंडात दोन विलक्षण प्रयोग चालू होते. पहिला गॅबेट-फेअरफॅक्स याच्या ‘मार्स’ पिस्तुलाचा. ते इतके दांडगे होते की लष्करी चाचण्यांत टिकले नाही. त्याचा कर्ता १९०२ मध्ये दिवाळखोर झाला, आणि सुमारे ८० नग बनून प्रकरण संपले. आज या ८० नगांसाठी संग्राहक जी धडपड करतात ती पाहून त्या बिचाऱ्या संशोधकाची कीव येते.

दुसरा प्रयोग वेब्ली-फॉसबेरीचा. त्याचा कर्ता जॉर्ज फॉसबेरी हा बंगालच्या सैन्यातील अधिकारी होता. वायव्य सरहद्दीवर अंबेलाच्या मोहिमेत १८६३ मध्ये त्याने व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला होता. रिव्हॉल्व्हरचे चक्र हाताच्या जोराऐवजी धक्क्याने फिरावे ही त्याची कल्पना. त्यासाठी चक्रावर नागमोडी खाचा कोरलेल्या असतात, आणि त्यामुळे हे शस्त्र दुरूनही ओळखू येते. १९०१ पासून ते विक्रीस आले. ते धड रिव्हॉल्व्हर नव्हे आणि धड पिस्तूलही नव्हे. चिखलधुळीत ते अडत असे, तरीही नेमबाजीच्या मैदानावर त्याला मान होता. हिंदुस्थानच्या सरहद्दीवरील अनुभव आणि बर्मिंगहॅमचे कारागीर यांचा असा संयोग दुसरीकडे क्वचितच आढळेल.

खऱ्या अर्थाने यशस्वी ठरली ती विल्यम व्हायटिंग याने वेब्लीच्या कारखान्यात सिद्ध केलेली मालिका. १९०४ चे पहिले .४५५ बोअरचे पिस्तूल अवजड आणि नाजूक निघाले. त्यानंतर खिशात मावणारे .२५ आणि .३२ बोअरचे नमुने आले, आणि १९०८ च्या सुमारास .३२ चा नमुना स्थिर झाला. त्याची रचना साधी आहे : नळी स्थिर, कुलूप नाही, केवळ वरच्या भागाचे वजन आणि कमान यांवर भिस्त. पेटीत आठ काडतुसे. चापाभोवतीचे कडे हेच नळीला जागेवर धरून ठेवते. कडे पुढे ओढले की नळी सुटी होते. कमान मुठीच्या चकतीखाली दडलेली व्ही आकाराची असते, आणि ही वेब्लीची खास ओळख होय. इतर कारखान्यांनी गुंडाळीची कमान वापरली, बर्मिंगहॅमने मात्र बंदुकीच्या घोड्याच्या जुन्या परंपरेतील चपटी कमान सोडली नाही.

या शस्त्राला सरकारी मान्यता मिळाली ती एका दुर्घटनेमुळे. १६ डिसेंबर १९१० रोजी लंडनच्या हाउंड्सडिच भागात दरोडेखोरांनी तीन पोलीस ठार केले, आणि ३ जानेवारी १९११ रोजी सिडनी स्ट्रीटवरील घराला वेढा पडला. दरोडेखोरांपाशी जर्मन बनावटीची स्वयंभरी पिस्तुले होती, तर पोलिसांपाशी जुनाट रिव्हॉल्व्हरे. त्याच वर्षी लंडनच्या पोलिसांनी .३२ चे वेब्ली स्वीकारले. पुढे १९१२ मध्ये शाही नौदलाने .४५५ चा मोठा नमुना घेतला, आणि महायुद्धात तोफखान्याच्या व विमानदलाच्या काही तुकड्यांना त्याचीच सुधारलेली आवृत्ती मिळाली. हा मोठा नमुना एक किलोहून अधिक वजनाचा, जवळजवळ काटकोनात बसविलेल्या मुठीचा आणि दिसण्यात बोजड आहे. त्याच्या पेटीला दोन खाचा असतात. अर्धवट सारून ठेवली म्हणजे एकेक काडतूस हाताने भरता येते आणि पेटीतील सात संकटकाळासाठी राखून ठेवता येतात. या काटकसरी कल्पनेत बंदूक ठासून भरणाऱ्या जुन्या पिढीचा स्वभाव दिसतो. यंत्रातील जोड मात्र इतके घट्ट बसविलेले होते की खंदकाच्या चिखलात ते अडू लागले, आणि पायदळाने आपले रिव्हॉल्व्हर सोडले नाही.

हिंदुस्थानात ही पिस्तुले दोन वाटांनी आली. ब्रिटिश अधिकाऱ्याला आपले पिस्तूल स्वतःच्या पैशाने घ्यावे लागे, आणि लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा १८९१ पासून मुंबईत होती. अशा पेढ्यांची नावे काही शस्त्रांवर कोरलेली सापडतात. दुसरी वाट सरकारी खरेदीची. सरकारी शस्त्रावर रुंद बाणाची खूण असते. बाणाजवळ आय हे इंग्रजी अक्षर असल्यास ते हिंदुस्थान सरकारच्या मालकीचे, आणि दोन बाण टोकाला टोक लावून उमटविलेले असल्यास ते सरकारने नंतर विकून टाकलेले, असे समजावे. वेब्लीची स्वतःची खूण म्हणजे पंख असलेली गोळी. याशिवाय बर्मिंगहॅमच्या परीक्षागृहाचे शिक्के नळीवर असतात. १८१३ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने तपासल्याशिवाय तेथील बंदूक विकता येत नसे. या चार खुणा ज्याला वाचता येतात त्याला पिस्तूल हा धातूचा तुकडा न राहता एक दस्तऐवज होतो.

येथे एक लक्षणीय गोष्ट नमूद करावीशी वाटते. आपल्या राजकीय इतिहासातील गाजलेली स्वयंभरी पिस्तुले पाहिली तर त्यांत ब्रिटिश बनावटीचे शस्त्र जवळजवळ आढळत नाही. १ जुलै १९०९ रोजी लंडनमध्ये मदनलाल धिंग्राने वापरलेले पिस्तूल अमेरिकन कोल्ट होते, जरी ते लंडनच्याच दुकानात विकत घेतलेले होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे याने कलेक्टर जॅक्सनवर झाडलेले पिस्तूल ब्राउनिंगचे होते. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन याच्याबरोबर पाठविलेल्या २० ब्राउनिंगांचा या खटल्यांशी असलेला संबंध सर्वश्रुत आहे. कलकत्त्यात २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी पळविलेली ५० पिस्तुले जर्मन माउझर होती. साँडर्सवधातील भगतसिंगांचे आणि अलाहाबादेत चंद्रशेखर आझाद यांच्या हाती शेवटपर्यंत राहिलेले, ही दोन्ही .३२ ची कोल्ट. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींच्या हत्येत वापरलेले पिस्तूल इटालियन बेरेटा होते.

याचा अर्थ काय घ्यावा? आमच्या मते याची कारणे व्यापारात शोधली पाहिजेत. वेब्लीची स्वयंभरी पिस्तुले ब्राउनिंगच्या मानाने फारच थोडी बनली, आणि त्यांतील बरीच पोलीस, नौदल आणि वसाहतींची सरकारे यांच्याकडे गेली. खलाशांच्या मार्फत बंदरोबंदरी फिरणारा चोरटा माल युरोप खंडातला असे, कारण तो स्वस्त आणि मुबलक होता. याच्या उलट वेब्लीचे रिव्हॉल्व्हर मात्र पोलिसांच्या कोठारातून क्रांतिकारकांच्या हाती गेलेले दिसते. १९३० चे चितगावचे प्रकरण हे त्याचे ठळक उदाहरण. म्हणजे ज्याला आज ‘वेब्लीचे पिस्तूल’ म्हणून एखाद्या आठवणीत उल्लेखिलेले असते ते पुष्कळदा रिव्हॉल्व्हर असण्याचाच संभव अधिक.

आता वऱ्हाडकडे वळू. ज्याचे जुने नाव ऋषिवट असे सांगतात ते पिंगलाक्षी देवीचे रिसोड निजामी मुलखाच्या अगदी सीमेवर वसलेले. या सीमेवर शस्त्रांचा प्रश्न जुना आहे. १८५९ मध्ये रिसोडनजीक चिचांबा येथे रोहिल्यांच्या टोळीशी हैदराबाद कंटिन्जंटची चकमक झाली होती. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रजा निःशस्त्र झाली हे आपण नेहमी वाचतो. परंतु वऱ्हाड हा कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग नव्हता. १८५३ च्या तहाने तो निजामाकडून इंग्रजांकडे कारभारासाठी आला, १९०२ च्या कराराने कायम भाड्याने घेतला गेला, आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे आपोआप लागू न होता सरकारी अधिसूचनेने लागू करावे लागत. हत्यारांच्या परवान्यासंबंधी वऱ्हाडातील कागद वाचताना ही गोष्ट विसरून चालत नाही.

दुसरी अडचण जिल्ह्याच्या सीमांची. रिसोड प्रथम वाशीम जिल्ह्यात होते. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडला आणि रिसोडचा भाग अकोल्याकडे गेला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा निर्माण झाला. परवाना देण्याचा अधिकार जिल्ह्याच्या प्रमुखाकडे असल्यामुळे एकाच घराण्यातील एकाच बंदुकीचे कागद जुन्या वाशीमच्या, मग अकोल्याच्या आणि शेवटी नव्या वाशीमच्या दप्तरात असे तीन ठिकाणी विखुरलेले असणार. प्रांतिक सरकारचा पत्रव्यवहार नागपुरास पाहावा लागतो. हे तीन धागे जोडल्यावाचून शस्त्राचा पूर्ववृत्तांत पुरा होत नाही.

येथे एक गैरसमजही दूर केला पाहिजे. देशमुख-पाटलांच्या वाड्यात पिस्तुले असत हे चित्र मोठे रम्य आहे. परंतु या कोरडवाहू मुलखातील खरे शस्त्र म्हणजे रानडुकरांपासून ज्वारी राखण्याची ठासणीची बंदूक होय. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानेही पीकरक्षणासाठी अशा बंदुकीची वेगळी सोय ठेवली आहे. पिस्तूल हे अपवादाचे, मानाचे आणि बहुधा शहरी संबंधांचे लक्षण होते. म्हणूनच असे एखादे शस्त्र निघाले तर ते या घराण्यात कसे आले हा प्रश्न विचारण्याजोगा ठरतो.

स्वतंत्र भारतात .३२ बोअरला जे महत्त्व आले त्याचे कारणही कायद्यातच आहे. सैन्याच्या वापरातील .४५५, .३०३ यांसारखे बोअर खासगी माणसाला मिळू नयेत हे सरकारी धोरण इंग्रजांपासून चालत आलेले. परिणामी पिस्तुलात .३२ आणि रायफलीत .३१५ ही मापे सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला आली. परदेशी शस्त्रांच्या आयातीवर निर्बंध आल्यावर तर शंभर वर्षांपूर्वीच्या .३२ वेब्लीला वस्तुसंग्रहालयातील मूल्यापेक्षा बाजारातील मूल्य अधिक आले. इंग्लंडात जे शस्त्र केवळ संग्राहक पाहतो, ते आपल्याकडे कंत्राटदार आणि सावकारही पाहतो. संग्रहाच्या दृष्टीने हे इष्ट नाही. वापरासाठी घेतलेल्या शस्त्राची जुनी चकती मोडली की नवी बसते, झिजलेल्या पृष्ठावर नवा मुलामा चढतो, आणि त्याखाली शिक्के बुजतात.

कराचीच्या काँग्रेसने १९३१ मध्ये नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा अधिकार मूलभूत अधिकारांत गणला होता. राज्यघटनेत तो आला नाही. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस तीन शस्त्रांची मर्यादा पडली, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आली. वारशाने आलेली शस्त्रेही या दोनांतच मोजावयाची आहेत. म्हणजे भारतात खासगी संग्राहक या शब्दाला चालू स्थितीतील पिस्तुलांपुरता फारसा अर्थ उरलेला नाही. ज्याच्यापाशी आजोबांची बंदूक, वडिलांचे पिस्तूल आणि स्वतःची रायफल आहे त्याला तिघांपैकी एकाला निरोप द्यावाच लागतो. केवळ वय झाले म्हणून शस्त्र कायद्यातून सुटत नाही. दुरुस्ती करूनही ज्यातून गोळी सुटणार नाही अशा जुनाट शस्त्रालाच १९५९ चा अधिनियम वगळतो. १९०८ च्या वेब्लीचे काडतूस आजही भारतात तयार होते, तेव्हा ते पिस्तूल सव्वाशे वर्षांचे झाले तरी कायद्याच्या नजरेत जिवंतच. २०२० च्या नियमांनी ‘क्युरिओ’ वर्गातील शस्त्रे बाळगण्यास परवान्याची अट काढली खरी, परंतु ते वापरण्यास वा वाहून नेण्यास परवाना लागतोच.

इंग्लंडची तुलना येथे बोधप्रद आहे. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डन्ब्लेन येथील शाळेत सोळा मुले आणि त्यांच्या शिक्षिका मारली गेल्यावर १९९७ मध्ये तेथे खासगी पिस्तुलांवर जवळजवळ संपूर्ण बंदी आली. त्या संतापाच्या क्षणीही कायदा करणाऱ्यांनी इतिहासासाठी एक फट ठेवली. १९१९ पूर्वी बनलेले आणि ज्याचे काडतूस सहज मिळत नाही असे पिस्तूल संग्राहकाला घरी ठेवता येते. विशेष दुर्मिळ किंवा ऐतिहासिक महत्त्वाचे शस्त्र नेमून दिलेल्या सुरक्षित जागी ठेवून तेथे त्याचा अभ्यास करता येतो. आपल्या नियमांत ही दुसरी तरतूद घेण्यासारखी आहे असे आमचे मत आहे. सार्वजनिक सुरक्षिततेला तीत बाध येत नाही, आणि शस्त्र वितळविण्याची पाळीही येत नाही.

वितळविण्याने काय नष्ट होते ते दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. रॉडा कंपनीच्या प्रत्येक माउझरवर क्रमांक होता आणि त्या क्रमांकांची नोंद कंपनीपाशी होती. त्यामुळेच १९१८ च्या रौलट समितीला त्या ५० पिस्तुलांचा प्रवास सांगता आला : ४४ पिस्तुले लगोलग नऊ गटांत वाटली गेली, आणि ३१ पुढे सरकारच्या हाती परत आली. बंगालमधील गुप्त मंडळांचे परस्परसंबंध आज आपण ज्या खात्रीने मांडतो त्यातील बराचसा भाग या क्रमांकांच्या आधारावर उभा आहे. दुसरे उदाहरण भगतसिंगांच्या पिस्तुलाचे. ते १९६९ मध्ये फिल्लौरहून इंदूरच्या सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र-प्रशिक्षण संस्थेत गेले आणि इतर जुन्या शस्त्रांत मिसळून गेले. गंजू नये म्हणून साऱ्यांना काळा रंग दिलेला. २०१६ मध्ये रंग काढून क्रमांक वाचला तेव्हा १६८८९६ हा आकडा खटल्याच्या कागदांतील आकड्याशी जुळला. शस्त्र सत्तेचाळीस वर्षे तेथेच होते, आणि कागदही होते. दोन्ही एकत्र आणणारा आकडा तेवढा रंगाखाली होता.

रिसोड-वाशीमकडील घराण्यांत परवानाधारक वारला म्हणजे शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. वारसाने नवा परवाना मागितला नाही, तर कालांतराने ते सरकारजमा होते. निवडणुकीच्या काळातही पुष्कळ शस्त्रे ठाण्यात जमा होतात, आणि मालखान्यातील दमट हवेत पातळ कोरीव शिक्के सर्वांत आधी जातात. म्हणून जमा करण्यापूर्वी वारसाने नळीवरील, वरच्या सरकत्या भागावरील आणि मुठीच्या चौकटीवरील क्रमांक वेगवेगळे उतरून घ्यावेत. ते जुळत नसल्यास भाग बदललेले आहेत असे समजावे. परीक्षागृहाचे शिक्के, पंखाची गोळी, बाण असल्यास बाण, आणि पेढीचे नाव यांचे चित्र काढून ठेवावे. जुन्या परवान्याच्या पाठीवर नूतनीकरणाचे जे शेरे असतात त्यांची नक्कल करताना कचेरीचे नाव आणि तारीख गाळू नये, कारण कोणते वर्ष वाशीमच्या दप्तरात शोधावयाचे आणि कोणते अकोल्याच्या, हे त्यावरूनच ठरते.